कोपऱ्यावरची जाळी

आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर एक लोखंडी जाळी आहे. फुटपाथला चिकटून, पावसाचं पाणी खाली गटारात जायला असते ना, तशी. इतकी वर्षं मी तिच्यावरून रोज ये-जा केली पण तिच्याकडे कधी बघितलं असं काही आठवत नाही, आणि का बघावं, ती आपलं काम करत होती. गेली तीन वर्षं मात्र मी तिच्याकडे रोज बघते, ढग आले की दोनदा बघते. कारण आता अर्धा तास नीट पाऊस पडला की कोपऱ्यावर घोट्याएवढं पाणी, तासभर पडला की पोटरीपर्यंत, आणि आमच्या जिन्याची पहिली पायरी गायब.

पाऊस वाढला असेल, नाही असं नाही. पण रस्ता तोच, उतार तोच, जाळी तीच. बदललं काय, तर एक माणूस यायचा तो येईनासा झाला.

सगळे त्यांना काका म्हणायचे. चार जणांची गँग असायची, एक हातगाडी, दोन फावडी आणि काकांच्या हातात एक लांब सळई, टोकाला आकडीसारखी वाकवलेली. ती आकडी जाळीत अडकवून एका झटक्यात जाळी उभी करायचे, खालून काळाकुट्ट गाळ निघायचा, त्यात पानं, प्लॅस्टिकच्या पिशव्या, खडी, एकदा तर लहान मुलाचा एक अख्खा बूट निघाला होता. गाळ कडेला ढीग करून ठेवायचे, वाळला की दुसऱ्या दिवशी गाडी उचलून न्यायची. (हा वाळायचा मधला दिवस फार नाजूक असतो, त्याच रात्री पाऊस आला की सगळा ढीग परत खाली, आणि काका सकाळी येऊन त्या ढिगाच्या जागेकडे असे बघायचे की हसावं की वाईट वाटून घ्यावं कळायचं नाही.) पावसाळ्याच्या आधी महिनाभर ही गँग सगळ्या भागातून फिरायची आणि मग पावसाळाभर आठवड्याला एक फेरी. कोणी बोलावलं म्हणून नाही, वार ठरलेला होता म्हणून.

मग चाराचे तीन झाले, तिसऱ्याचं रिटायरमेंट झालं आणि दोघंच उरले, नवीन कोणी आलं नाही. कोणाला कामावरून काढलं नाही हं, तसं झालं असतं तर निदान बातमी तरी झाली असती. जो गेला त्याची जागा भरायची नाही, बस. पदं रिक्त ठेवणं ही मला वाटतं सगळ्यात बिनआवाजाची कपात आहे. मग काका पण रिटायर झाले, काम ठेक्यावर गेलं, आणि ठेक्याच्या कागदात ठरलेला वार कुठेच नाही, तिथे आहे ‘तक्रार प्राप्त झाल्यास’. म्हणजे आधी जाळी साफ व्हायची पाणी तुंबू नये म्हणून, आता साफ होते पाणी तुंबल्यावर, तेही कोणी फोटो काढून अ‍ॅपवर टाकला तर. आणि तुंबलेल्या पाण्यात जाळी दिसतच नाही, त्यामुळे येणारा मुलगा विचारतो, मॅडम, नक्की कुठे आहे?

*

बजेटमधली कात्री नेमकी कशी लागते हे मला लहानपणापासून जरा माहीत आहे, कारण माझे बाबा एका नगरपालिकेच्या अकाउंट्स खात्यात होते, तीसेक वर्षं. आर्थिक वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत ते काम घरी आणायचे. लांबलचक ताव, पेन्सिल, फूटपट्टी, आणि आम्ही आवाज केला की फक्त चष्म्यावरून बघायचे. वरून निरोप आलेला असायचा की यंदा एवढे कमी करा. मग बाबा पेन्सिलीने आधी ज्यांना हात लावता येत नाही त्या ओळींवर बारीक टिंब देत जायचे. पगार, टिंब. पेन्शन, टिंब. कर्जाचे हप्ते, टिंब. वीजबिल, कोर्टाने द्यायला लावलेले पैसे, चालू असलेल्या टेंडरची बिलं, टिंब टिंब टिंब. शेवटी बिनटिंबाच्या चार-पाच ओळी उरायच्या आणि त्या दरवर्षी त्याच असायच्या. रस्ते देखभाल-दुरुस्ती, नालेसफाई, झाडांची छाटणी, गाड्यांचे सुटे भाग, किरकोळ दुरुस्ती. सगळी कात्री तिथे.

आता हिशोब बघा. समजा एकूण खर्च १००, त्यातल्या ८० ला हात लावता येत नाही, आणि कमी करायचेत १०. हे १० येणार उरलेल्या २० मधूनच, म्हणजे तिथली निम्मी कामं गेली. बाहेर मात्र सांगितलं जातं, दहा टक्के कपात केली. दहा टक्के ऐकून कोणाला काही वाटत नाही, घरखर्चातसुद्धा आपण दहा टक्के इकडचे तिकडे करतोच की. पण निम्म्या जाळ्या साफ होणार नाहीत असं कोणी सांगत नाही, कारण खरं तर ते सांगणाऱ्यालाही माहीत नसतं, त्याच्यासमोर फक्त ‘किरकोळ’ ही ओळ असते.

बाबा एकदा म्हणाले होते, “पगार कापला तर दुसऱ्या दिवशी मोर्चा दारात. गटार कापलं तर पाऊस पडेपर्यंत शांतता, आणि पाऊस पडला की लोक शिव्या पावसाला देतात.” मी तेव्हा नववी-दहावीत असेन. मला ते मजेशीर वाटलं होतं.

आणखी एक भानगड असते ती महसुली म्हणजे रोजच्या आणि भांडवली म्हणजे नवीन काही उभं करायच्या खर्चाची. नवीन पूल बांधायला कर्ज मिळतं, वरच्या सरकारकडून अनुदान मिळतं, भूमिपूजन होतं, फीत कापली जाते, पाटीवर नावं येतात. त्याच पुलाच्या पाण्याच्या पाइपातला कचरा दरवर्षी काढायला मात्र कोणी कर्ज देत नाही, तो रोजच्या खर्चातून काढायचा, आणि कात्री नेमकी रोजच्या खर्चाला लागते. त्यामुळे असं विचित्र चित्र दिसतं की गावात पैसे नाहीत म्हणून झाडू मारायला माणूस नाही आणि त्याच वर्षी नवीन चकचकीत काहीतरी उभं राहतंय. लोक चिडतात, मी पण चिडते, पण दोन्ही पैसे वेगळ्या खिशातले असतात आणि एका खिशातले दुसऱ्यात टाकायला नियम आडवे येतात.

*

पुलाच्या पाइपातला कचरा हे उगाच उदाहरण दिलं नाही. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरात फर्न हॉलो नावाचा एक पूल होता, शहराच्याच मालकीचा, दरीवरून जाणारा. २८ जानेवारी २०२२ ला सकाळी उजाडायच्या आत तो खाली बसला, वर एक लांब जोडबस आणि काही गाड्या असताना. नशिबाने मेलं कोणी नाही. योगायोग असा की त्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष बायडन त्याच शहरात रस्ते-पुलांवरच्या खर्चाबद्दल बोलायला येणार होते. नंतर तिथल्या वाहतूक सुरक्षा मंडळाने चौकशी केली तेव्हा जे निघालं ते वाचून मी माझ्या जाळीकडे वेगळ्याच नजरेने बघायला लागले. पूल वेदरिंग स्टीलचा होता, हे असं पोलाद असतं की त्याच्यावर गंजाचाच एक पातळ थर बसतो आणि तोच थर आतल्या लोखंडाला सांभाळतो, रंग लावावा लागत नाही. अट एकच, ते मधेमधे सुकलं पाहिजे. पण पुलावरच्या पाण्याच्या वाटा कचऱ्याने तुंबलेल्या, पाणी आणि घाण पुलाला तोलणाऱ्या पोलादी पायांवर साठून राहिली, तो राखणारा थर बनलाच नाही आणि गंज लोखंड खात गेला, इतका की त्या पायांना भोकं पडली.

आणि हे लपून राहिलं होतं का, तर अजिबात नाही. इन्स्पेक्शन होत होतं, रिपोर्ट लिहिले जात होते, वर्षानुवर्षं त्याच शिफारशी, वाटा साफ करा, गंज काढा, दुरुस्ती करा. रिपोर्ट फाइलला लागायचा. पिट्सबर्ग २००३ च्या शेवटापासून २०१८ पर्यंत राज्याच्या कायद्याखाली ‘आर्थिक संकटातलं शहर’ म्हणून नोंदलेलं होतं, पै-पै मोजून चालत होतं. सगळा दोष त्या एका गोष्टीवर टाकून मी मोकळी होणार नाही, रिपोर्ट वाचून गप्प बसायला पैसे नसावे लागतात असं थोडंच आहे. पण ज्या ऑफिसात दरवर्षी ‘यंदा नाही, पुढच्या वर्षी बघू’ म्हणायची सवय लागते तिथे गंजाची शिफारस आणि खुर्च्यांची मागणी एकाच ट्रेमध्ये पडून राहते, हे मी बाबांच्या ऑफिसात जाऊन डोळ्यांनी बघितलंय.

याच्यापेक्षा जुना आणि कोणी गोष्ट रचली असती तर अति झालं म्हटलं असतं असा प्रकार न्यूयॉर्कचा. डिसेंबर १९७३, तिथला उंचावरून जाणारा वेस्ट साइड हायवे, आणि त्याच्यावरून चाललेला एक ट्रक. ट्रकमध्ये भरलेलं डांबर, कशासाठी, तर त्याच हायवेच्या दुरुस्तीसाठी. रस्ता त्याच्याखाली कोसळला आणि ट्रक खालच्या रस्त्यावर. दुरुस्ती निघाली होती, पोचली नाही. त्यानंतर दोनच वर्षांत, १९७५ मध्ये, ते शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आलं, कामगार कपात झाली, आणि ज्या गोष्टी लगेच पडत नाहीत त्यांची डागडुजी पुढे ढकलली गेली. पूल काय, तो तर कालही उभा होता. १९०३ सालचा विल्यम्सबर्ग पूल एप्रिल १९८८ मध्ये गंजामुळे अचानक बंद करावा लागला, गाड्याच काय, वरून जाणाऱ्या लोकलसुद्धा. १९७५ ते १९८८. या मधल्या काळात महापौर बदलले, अधिकारी बदलले, ज्यांनी ‘यंदा राहू दे’ म्हटलं त्यातले किती जण खुर्चीत असतील.

*

रस्त्याचं पण असंच असतं, फक्त जरा लवकर. डांबर म्हातारं होतं हे मला फार उशिरा कळलं. हवा लागून लागून ते कडक, ठिसूळ होत जातं, मग केसाएवढ्या भेगा पडतात. या वेळी त्या भेगा बुजवल्या, वर एक पातळ थर मारला तर काम भागतं, खर्च पण किरकोळ. पण नेमका तेव्हा रस्ता दिसायला चांगला असतो! चांगल्या रस्त्यावर पैसे कशाला घालताय असं कोणी पण विचारणार. मग पाणी भेगांतून आत जातं, खालचा खडीचा थर भिजतो, वरून चाक गेलं की आतलं पाणी दाबलं जाऊन बारीक माती घेऊन बाहेर उडतं, आत पोकळी होते, आणि एक दिवस वरचं कवच खचतं. आपण म्हणतो, रात्रीत खड्डा पडला. तो रात्रीत पडलेला नसतो, चार-पाच वर्षं पडत असतो.

आणि बुजवतात कसा, तर पाण्यातच खडी-डांबर ओतून फावड्याने दोन थापा. कडा चौकोनी कापायच्या, आतलं पाणी-चिखल काढायचा, चिकट डांबराचा हात मारायचा, मग भरून रोलरने दाबायचं, ही खरी पद्धत, आणि ती प्रत्येक मुकादमाला पाठ असते. पण त्याला रोलर लागतो, तो गॅरेजला पडलेला असतो कारण सुट्या भागांच्या ओळीवर टिंब नव्हतं. म्हणून मग तोच खड्डा एका पावसाळ्यात तीनदा बुजवला जातो.

काँक्रीटवाल्यांमध्ये डी सिटर नावाच्या इंजिनिअरचा १९८४ सालचा एक ठोकताळा सांगितला जातो, पाचाचा नियम. बांधतानाच नीट करायला १ लागत असेल तर ते टाळल्यावर देखभालीला ५, देखभाल टाळली तर दुरुस्तीला २५, आणि दुरुस्ती पण टाळली तर १२५. हा काही दगडावरचा शिलालेख नाही, पण दिशा कुठली आहे ती कळते. तिकडे इंग्लंड-वेल्समध्ये डांबर उद्योगाची संघटना दरवर्षी स्थानिक रस्त्यांचा सर्व्हे करते, २०२५ च्या अहवालात त्यांनी सांगितलं की सध्याच्या वेगाने एक रस्ता सरासरी ९३ वर्षांतून एकदा नव्याने डांबरला जातोय. डांबरवाल्यांचाच आकडा, त्यामुळे थोडा फुगलेला धरू. ६० धरा. म्हणजे आज जन्मलेल्या बाळाच्या दारातला रस्ता ते रिटायर होताना डांबरला जाणार.

*

दिव्यांची गोष्ट मला जास्त बोचते. अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्ज या शहरात लोकांनी २००९ च्या शेवटी मतदान करून मालमत्ता कर वाढवायला नकार दिला. ठीक आहे, त्यांचा हक्क. मग २०१० मध्ये पालिकेने रस्त्यावरचे हजारो दिवे, म्हणजे साधारण एक तृतीयांश, बंद केले, बागांमधल्या कचराकुंड्या उचलल्या, गवताला पाणी घालणं कमी केलं, पोलिसांची हेलिकॉप्टरं विकायला काढली. आणि एक योजना आणली, दिवा दत्तक घ्या. पैसे भरा, तुमच्या दारासमोरचा खांब परत चालू. म्हणजे ज्याला परवडतं त्याच्या दारात उजेड आणि पलीकडच्या गल्लीत काळोख, जिथे कदाचित रात्रपाळीहून पायी येणाऱ्या बायका जास्त राहत असतील. कर द्यायला नको होता, पण पैसे तर गेलेच, फक्त सगळ्यांसाठी मिळून जाण्याऐवजी आपापल्या खांबापुरते गेले.

त्यात चोरांनी डोकं चालवलं. बंद दिव्याच्या तारेत करंट नसतो, म्हणजे तांबं कापायला एकदम सेफ! तारा चोरीला गेल्या आणि त्या परत टाकायला दिवे बंद ठेवून वाचवले होते त्याच्यापेक्षा जास्त पैसे लागले. हे वाचून मी बाबांना फोन केला. ते खूप वेळ हसले, मग म्हणाले, आमच्या अंदाजपत्रकात चोरांचा कॉलम नव्हता.

डेट्रॉइटचं प्रकरण जरा वेगळं, तिथे कात्रीने सुरुवात झाली नाही, माणसंच निघून गेली. १९५० मध्ये साडेअठरा लाख लोकांचं शहर, २०१० मध्ये सात लाखांच्या जरा वर. पण पाइपलाइन, रस्ते, खांब तेवढेच, ते काही लोकांबरोबर सामान बांधून जात नाहीत. जुलै २०१३ मध्ये शहराने दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा जवळपास ४० टक्के दिवे बंद होते. नंतर नवीन यंत्रणा उभी करून ६५ हजार एलईडी दिवे बसवले, डिसेंबर २०१६ पर्यंत. म्हणजे सुधारणा होते, होत नाही असं नाही. पण आधीचे जे काळोखाचे दिवस त्याच गल्लीत राहून ज्यांनी काढले त्यांचा हिशोब कुठल्या खात्यात मांडायचा.

आणि कचरा, कचऱ्याबद्दल फार लिहीत नाही, तो स्वतःच बोलतो. सगळ्या कपातींमध्ये हीच एक अशी की वास येतो. ब्रिटनच्या बर्मिंगहॅमने सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर केलं की आमच्याकडे आता अत्यावश्यक सोडून दुसऱ्या खर्चाला पैसे नाहीत, मग कपातीच्या यादीत रस्त्यावरचे दिवे मंद करणं आलं, कचरा आठवड्याऐवजी पंधरा दिवसांनी उचलणं आलं, कचरागाड्यांवरचं एक पदच रद्द करायचं ठरलं आणि त्यावरून २०२५ मध्ये बेमुदत संप. मार्चअखेरीस रस्त्यावर १७ हजार टन कचरा. तिथे मात्र चार दिवसांत जगभर बातमी झाली. जाळीची बातमी होत नाही.

*

मागच्या आठवड्यात काका भेटले. बसस्टॉपवर उभे होते, मी ओळखलं आधी सळईशिवाय नाहीच, मग आवाजावरून ओळखलं. म्हटलं काका, आमची कोपऱ्यावरची जाळी आता सारखी तुंबते हो. मुलं येतात, वरचा कचरा काढून जातात, तरी दोन दिवसांत परत तेच.

“वरून काढून नाही भागत ताई,” ते म्हणाले, “तुमच्या तिथे खाली एक फरशी तुटून तिरकी झालेली आहे. बारा-पंधरा वर्षं झाली असतील. सरळ सळई घातली की ती फरशीवर थांबते, आपल्याला वाटतं तळ लागला. डाव्या अंगाने तिरकी घालायची, मग वळवायची. तिकडे पलीकडे गाळ धरतो.”

म्हटलं हे नवीन मुलांना सांगितलंत का? तर म्हणाले, कोण विचारणार, मी गेलो त्या दिवशी सळई आणि गमबूट जमा करून घेतले, सही घेतली. मग त्यांनी तिथेच उभ्या उभ्या आमच्या भागातल्या जाळ्या बोटांवर मोजल्या. शाळेच्या मागची, तिथे झाडाचं मूळ आत आलंय. दवाखान्यासमोरची, तिचं झाकण उलटं बसलंय म्हणून पाणी अंगावरून जातं. वळणावरची, ती कुठे जोडलेलीच नाही, नुसती जाळी आहे, खाली खड्डा, ती भरली की संपलं. फरशी कधीच बदलायला हवी होती, त्यांनी दोनदा लिहून दिलं होतं म्हणे, पण बजेट नव्हतं, म्हणून मग ते आपले दर आठवड्याला सळई तिरकी घालत राहिले. बस आली तेव्हा त्यांची बोटं संपली होती आणि जाळ्या संपल्या नव्हत्या. मी मोबाइलमध्ये जेवढं जमलं तेवढं टाइप केलं, घाईत, अर्धं चुकीचं.

काकांना पाठ असलेल्या या माहितीची ओळ मी कोणत्याही अंदाजपत्रकात बघितलेली नाही. गेली तेव्हा कुठे वजाबाकी पण झाली नाही.

काल संध्याकाळी ढग आले. बाबांच्या जुन्या पडद्यांची एक लोखंडी सळई माळ्यावर होती, ती काढली, टोक दगडावर ठोकून थोडं वाकवलं, आणि रेनकोट घालून कोपऱ्यावर गेले. पाऊस सुरू झालाच होता, पाणी जाळीभोवती गोल फिरायला लागलेलं. सरळ घातली, खाली टण्ण वाजलं, थांबली. मग डावीकडून तिरकी घातली, जोर लावला, वळवली, एकदा, दोनदा, काही नाही, तिसऱ्यांदा आत काहीतरी सरकलं आणि एकदम मोठ्ठा ढेकर दिल्यासारखा आवाज होऊन पाणी खाली ओढलं जायला लागलं. मी तिथेच उकिडवी बसून बघत राहिले.

वर दुसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडली. शेजारच्या वहिनी.

“अगं, झालं का? मग जाता जाता आमच्या गेटसमोरची पण बघ ना जरा!”

मी सळई उचलली. त्यांच्या गेटसमोरच्या जाळीखाली काय आहे ते मोबाइलमध्ये शोधलं. ते काका सांगत होते तेव्हा बस आली होती.